सुंठ चालते, अद्रक नाही

२ जुलै, बुधवार

दाजींना कंपनीकडून मिळालेली डायरी अक्काने मला दिली. जानेवारी ते जून पानं कोरी. माझेही ते सहा महिने तसेच गेले, म्हणून वाईट वाटलं नाही.

आजपासून सीरियस. शिरपूरचं कॉलेज सोडलं ते बरंच झालं. एचओडीने भर वर्गात उठवून विचारलं, अभ्यास करतोस की नुसता चहा पितोस. मी म्हटलं चहा पितो, आणि बाहेर पडलो. परत गेलो नाही, जळगावला अक्काकडे आलो. गावी सगळे म्हणतात, ज्ञानेश्वरचं डोकं तापट. असू दे. थंड पाण्यात पत्ती टाकून कोणाचा चहा झालाय.

प्लॅन: मेहरूण तलावाजवळ स्वतःचं चहाचं दुकान. साधी टपरी नाही. कडक, गुळाचा, कोरा, वेलचीचा, गवती, लिंबाचा, कहवा, सगळे. त्याआधी अभ्यास. रोज एक नवीन चहा पिऊन इथे नोंद करायची. एकही दिवस चुकवायचा नाही.

एक मत आजच लिहून ठेवतो. 'कोणताही चालेल' म्हणणाऱ्या माणसाला चहा देऊच नये. गरम पाणी द्यावं. त्याला कळत नाही.

अक्काचा चहा: पत्ती, साखर, दूध, पाणी एकदमच टाकते, गॅस लावते आणि कपडे वाळत घालायला गच्चीवर जाते. याला चहा म्हणत नाहीत, हे तिला सांगितलं. ती म्हणाली, मग पिऊ नको. दोन कप प्यायलो. घरात दुसरं काही नव्हतं.

७ जुलै

चार दिवस नोंद नाही. अभ्यास चालू होता, मनातल्या मनात.

आज दाणाबाजारात निर्मलकुमारशेठच्या चहापत्तीच्या दुकानात गेलो. जळगावातले निम्मे हॉटेलवाले तिथूनच माल उचलतात. काउंटरवर शेठ नव्हते. त्यांची मुलगी होती. आयुषी. नाव कळलं कारण आतून कोणीतरी हाक मारली.

तिने विचारलं, आज कोणता देऊ. आज. म्हणजे उद्याही येणार हे ती धरूनच चालली होती.

चार डबे उघडले. चिमूटभर पत्ती तळहातावर घेऊन नाकाजवळ नेली, डोळे अर्धे मिटले, आणि म्हणाली, हा तुम्हाला जमेल. मला बघून तिने ओळखलं मला काय जमेल ते. एचओडीला अडीच वर्षांत जमलं नाही.

शंभर ग्रॅम घेतला. मुद्दाम शंभर. लवकर संपेल.

११ जुलै

संपला नाही, तरी गेलो. दार्जिलिंगचा घेतला. म्हणाली, दूध टाकू नका हं यात. किती काळजी.

'हं' वर लिहायला पाहिजे, पण वेळ नाही.

१९ जुलै

अक्काच्या मांडणीवर आता माझ्या पुड्याच पुड्या. हळदीचा डबा खाली गेला. अक्का म्हणाली, चहाचं दुकान काढायचंय की साठवायचंय. दाजी काही बोलले नाहीत, पण त्यांच्या न बोलण्याचा मला राग आला. जेवलो नाही. नंतर जेवलो.

आयुषीने आज मला भैया म्हटलं. रस्ताभर विचार केला. भाऊ म्हणाली असती तर विषय संपला असता. भैया हिंदीत आहे. हिंदीत रिक्षावाल्यालाही भैया म्हणतात. शिवाय शेठ मागे गादीवर बसले होते. वडिलांसमोर दुसरं काय म्हणणार.

२६ जुलै

आज स्वतः चहा करून थर्मासमधून दुकानावर नेला. माझा बेस्ट. अद्रक ठेचून, चांगलं उकळून. तिने झाकण उघडलं, वास घेतला आणि झाकण परत लावलं. म्हणाली, यात अद्रक आहे का? आमच्यात जमिनीखालचं चालत नाही. मग तिने सगळं नीट समजावून सांगितलं. अद्रक नाही, पण सुंठ चालते. वाळलेली असते म्हणून.

थर्मास तसाच परत आणला. वाटेत कौतिकला पाजला. कौतिक माझा गाववाला, शिंदखेड्याकडचा, इथे एमआयडीसीत असतो. तो सगळा प्यायला आणि हसत बसला. मी त्याला म्हटलं, घरातले नियम कोणी बाहेरच्या माणसाला शिकवतं का. ज्याला घरात घ्यायचंय त्यालाच शिकवतात. त्यावर तो जे बोलला ते असं: "भो, ती बठ्ठास्ले हाशीसनच देस. दुकान शे ते."

सगळ्यांनाच हसून देते म्हणे. त्याच्याशी बोलणं बंद.

२७ जुलै

आजपासून जन्मभर अद्रक सोडलं. कांदा-लसूणही. अक्काच्या परडीतलं अद्रक उचलून खिडकीतून फेकलं. खाली घरमालकीण सुमनबाई उभ्या होत्या. त्यांनी ते उचलून नेलं.

२८ जुलै

रात्रीच्या शेवभाजीत कांदा-लसूण दोन्ही होतं. अक्काला मोठ्याने बोललो. मग खाल्ली. अक्काचं मन मोडायचं नव्हतं. कांदा-लसूण पुढच्या महिन्यापासून. अद्रक मात्र सोडलंच.

९ ऑगस्ट

राखीपौर्णिमा. दुकानावर जायचं नाही. दाणाबाजाराच्या रस्त्याने सुद्धा जायचं नाही. रिस्क घेण्यात अर्थ नाही.

अक्काने राखी बांधली. ओवाळणी म्हणून मी दार्जिलिंगची पुडी दिली. तिने तो दूध टाकून उकळला.

१४ ऑगस्ट

गवती चहा नेला. अक्काने कुंडीत लावलाय त्याची ताजी पात. म्हटलं हे तर जमिनीवरचं आहे. तर ती म्हणाली, चातुर्मासात आम्ही हिरवी पात खात नाही. सॉरी म्हणाली. सॉरी म्हणताना मान जराशी तिरकी.

आणखी एक नियम कळला. म्हणजे मी आणखी एक पायरी आत.

२१ ऑगस्ट

काउंटरवर ती नाही. पर्युषण चालू आहे, आठ दिवस येणार नाही, असं शेठ म्हणाले. त्यांनी दिलेला आसाम आणला. काही चव नाही. शेठ वासच घेत नाहीत, सरळ तोलतात.

२८ ऑगस्ट

आज सकाळी आयुषीचा मेसेज. तिचा नंबर दुकानाच्या पिशवीवरच असतो, तो मी कधीपासून सेव्ह केलाय, पण तिच्याकडून मेसेज पहिल्यांदा. 'मिच्छामि दुक्कडम्. कळत-नकळत माझ्याकडून आपलं मन दुखावलं असेल तर हात जोडून क्षमा मागते.'

तीन वेळा वाचला. म्हणजे तिला माहीत आहे. माझं मन, त्याची अवस्था, सगळं.

मला ठाऊक आहे, त्यांच्यात या दिवशी सगळेच सगळ्यांची क्षमा मागतात. दाजींनाही आला म्हणे, शेठच्या नंबरवरून. पण दाजींचं मन तिने कधी दुखावलंय? मेसेज सगळ्यांना जातो. त्यातला अर्थ एकालाच लागतो.

मी लांब उत्तर लिहिलं. तुम्ही काहीच चूक केली नाही, झोप लागत नाही यात तुमचा दोष नाही, वगैरे. दुपारी तिचं उत्तर आलं. जोडलेले हात. नुसते हात. पुढे तिला लिहवलं नसेल.

१० सप्टेंबर

नानांचा, म्हणजे वडिलांचा, गावाहून फोन. परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख जवळ आली, असं म्हणाले. कापसाचं विचारलं तर म्हणाले, कापूस बरा आहे, तू तुझं सांग. मी म्हटलं, पुढच्या वर्षी दुकान उघडेल तेव्हाच घरी येईन. ते बरं म्हणाले. फोन त्यांनी ठेवला नाही. मीच ठेवला.

१८ सप्टेंबर

आज तलावावर गेलो. मी जी जागा मनात धरली होती तिथे कोणीतरी चहाची गाडी लावलीय. मोठा बोर्ड, बावीस प्रकारचे चहा. माझी आयडिया. कोणाला बोललो नव्हतो, तरी चोरली.

पाच प्रकार पिऊन पाहिले. सगळ्यात एकच मसाला. त्या माणसाला हे स्पष्ट सांगितलं. त्याने मला स्पष्ट ढकललं. शर्टाची शिवण उसवली. आपल्या माणसांना खरं सोसत नाही.

२३ सप्टेंबर

आता चुकायचं नाही. सुंठ, वेलची, जायफळ. अद्रक नाही, पात नाही. दूध दोनदा गाळून. पण अक्काच्या गॅसचं सिलिंडर मध्येच संपलं आणि दुकानावर पोचेपर्यंत दिवे लागले होते. आयुषी हात धूत होती. हसून म्हणाली, भैया, सूर्य मावळला, आता पाणीसुद्धा नाही.

तिसरा नियम.

६ ऑक्टोबर, दुपारी ३

यश. सूर्य डोक्यावर असतानाच पोचलो. सुंठीचा चहा. तिने थर्मास घेतला. घेतला. म्हणाली, पप्पांना आवडेल. याला संस्कार म्हणतात. आधी वडील, मग आपण.

७ ऑक्टोबर

थर्मास परत मिळाला. रिकामा. धुऊन, पुसून. आत नाक घालून पाहिलं, साबणाचा वास. एक थेंब ठेवला नाही तिने.

अक्का म्हणाली, थर्मास हातात घेऊन का बसलायस, घास तो. मी म्हटलं, घासलेलाच आहे.

१६ ऑक्टोबर

काल आणि आजही दिला. दोन्ही वेळा रिकामा परत. शेठ गादीवरून म्हणाले, चहा एक नंबर करतोस रे. मग जवळ बोलावलं, बस म्हणाले. गाव कोणतं, शेती किती, घरी कोण कोण, सगळं विचारलं. कोणी उगीच शेती विचारत नाही.

फॉर्मची तारीख काल गेली. गेली तर गेली.

२४ ऑक्टोबर

नीट लिहितो.

भाऊबीज झाल्यावर दुकानावर गेलो. शेठ म्हणाले, सोळा नोव्हेंबरला रविवारी धुळ्याला घरचा कार्यक्रम आहे. पाहुणे येणार. जेवणाचे महाराज राजस्थानी आहेत, पण चहा तूच कर. मी विचारलं, मीच? ते म्हणाले, तूच, तुला आमचं सगळं माहीत झालंय.

तेवढ्यात आयुषीने डब्यावरून मान वर केली आणि म्हणाली, "भैया, नक्की या हं. सगळं तुमच्या चहावर आहे."

घरी येऊन शांतपणे विचार केला. पाहुणे येतात, चहा दिला जातो, चहा देणाऱ्याला पाहिलं जातं. आपल्याकडे मुलगी चहा आणते. ही शिकलेली माणसं आहेत, यांनी उलटं केलं असेल. धुळ्याला त्यांचे वडीलधारे असणार, त्यांची पसंती घेतल्याशिवाय शेठ पुढे जाणार नाहीत. सगळं जुळतंय.

शेठ पैशांचं विचारत होते. मी कानांना हात लावले. घरच्या कामाचे पैसे घेतात का.

२५ ऑक्टोबर

अक्काला सांगितलं. ती भांडी घासत होती. तिने विचारलं, कार्यक्रम कसला आहे ते विचारलंस का. मी म्हटलं, समजणाऱ्याला विचारावं लागत नाही. ती म्हणाली, ज्ञानू, एकदा विचार. मी ताट आपटलं. ताटाला पोचा आला. तिने ते ताट घेतलं आणि परत घासायला लागली.

५ नोव्हेंबर

चातुर्मास संपला. आता गवती चहासुद्धा चालेल. पण नाही. सुंठच. ज्याने सुरू झालं त्यानेच.

१२ नोव्हेंबर

दोनशे माणसांचा चहा एकट्याला झेपणार नाही. कौतिकशी बोलणं सुरू केलं. मोठेपणा मीच दाखवला. त्याने इतकंच विचारलं, धुळ्याला कोणाकडे. मी सांगितलं. तो आपल्या चपलेकडे पाहायला लागला. मग म्हणाला, येतो.

१६ नोव्हेंबर, पहाटे ५

अंघोळ झाली. निळा शर्ट, शिवण अक्काने घातली. सुंठ कुटून डबीत, वेलची वेगळी, जायफळ वेगळं. सव्वासहाची एसटी. नानांना फोन करणार होतो, पण आधी निकाल लागू दे. एकदम तिला घेऊनच गावी जाईन.

अक्काने चहा केला. आज नको म्हटलं. जीभ ताजी ठेवायची आहे.

१६ नोव्हेंबर

झाला कार्यक्रम.

१८ नोव्हेंबर

काल लिहिलं नाही. आज लिहून टाकतो, नाहीतर राहून जाईल.

धुळ्याला हॉलवर पोचलो. दारात फुलांचा बोर्ड होता. कौतिक माझ्या पुढे चालत होता. तो एकदम वळला आणि बोर्डाला पाठ लावून उभा राहिला. म्हटलं सरक. सरकला नाही. म्हटलं, कौतिक सरक, नाहीतर हात उचलेन. तरी नाही. हातातली डबी मला देत तो म्हणाला, "चाल भो, दूध नासी जाई."

त्याच्या खांद्यावरून एकच नाव दिसत होतं. श्रेयांस. दुसरं त्याच्या डोक्यामागे होतं. ते मला वाचायची गरज नव्हती.

मी ओरडेन असं कौतिकला वाटलं. मलाही वाटलं. पण भट्टी पेटली होती, चाळीस लिटर दूध येऊन पडलं होतं, आणि सूर्य कोणासाठी थांबत नाही. महाराज आधण वर ठेवत म्हणाले, अद्रक कुठाय. मी म्हटलं, यांच्यात चालत नाही, सुंठ चालते. महाराज हसले. म्हणाले, मला शिकवतोस? बघत होतो, तुला माहीत आहे का. सगळ्यांना माहीत असतं ते. सगळ्यांना म्हणजे दाणाबाजारातल्या हमालालाही.

चहा केला. सुंठ शेवटी टाकली, झाकण ठेवलं, उकळू दिलं नाही. आजवरचा माझा सगळ्यात चांगला चहा झाला. हे मी फुशारकीने लिहीत नाही. चाखून पाहिला होता.

ट्रे कौतिक नेणार होता. मीच नेला. का ते माहीत नाही. पाहायचं होतं.

ती डोक्यावर पदर घेऊन बसली होती. हिरवी साडी, हातभर मेंदी. शेजारी श्रेयांस, चष्मेवाला, साधासा. त्याला पाहून राग यायला हवा होता. तो मला 'या, या' म्हणाला आणि ट्रेला हात लावला, जड वाटला म्हणून. त्याची आजी धनकुंवरबाई मध्ये खुर्चीवर. त्यांनी आयुषीला म्हटलं, बेटी, चाय ले, दिन डूबने से पहले. तेव्हा निर्मलकुमारशेठ हसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आमची आयुषी चहा पीत नाही. चहावाल्याची पोरगी, पण जन्मात कधी तोंडाला लावला नाही."

सगळे हसले. शेठ पुढे म्हणाले, हा ज्ञानेश्वर रोज थर्मास आणायचा, आम्ही आणि हमाल प्यायचो, हिने घोटभरसुद्धा घेतला नाही.

ट्रे माझ्या हातातच होता.

श्रेयांसने एक कप उचलला. बशीत थोडा ओतला, फुंकर घातली आणि बशी तिच्यापुढे धरली. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग बशीकडे. बशी दोन्ही हातांनी धरली आणि प्यायली. सगळी.

मग तिने मान वर केली. मी समोरच होतो. म्हणाली, "भैया, छान झालाय. चहा असा असतो हे मला माहीतच नव्हतं."

मी म्हटलं, सुंठीचा आहे.

परत येताना एसटीत कौतिक खिडकीशी बसला, मला आत बसवलं. पारोळ्याला त्याने खिशातून गुळाचा खडा काढला, अर्धा मोडून मला दिला.

२० नोव्हेंबर

मांडणीवरच्या सगळ्या पुड्या काढून कचऱ्याच्या गाडीत टाकल्या. आसाम, दार्जिलिंग, कहवा, सगळ्या. गाडीवाला म्हणाला, साहेब, हे चांगलं दिसतंय. म्हटलं, तूच पी.

संध्याकाळी दाजी आले. चहा मागितला. घरात पत्ती नव्हती. अक्काची नेहमीची पुडीही त्यांच्यातच गेली होती. दाजी पाणी पिऊन झोपले.

नानांना फोन केला. उन्हाळ्यातल्या परीक्षेचा फॉर्म कधी निघतो ते विचारलं. म्हणाले, मला काय माहीत, तूच बघून सांग. मग म्हणाले, कापूस वेचायचाय, ये चार दिवस. हो म्हटलं.

२१ नोव्हेंबर

अक्काने पत्ती आणायला पाठवलं. दाणाबाजारात जायचं नव्हतं, म्हणून मेहरूणच्या नाक्यावरच्या किराणा दुकानात गेलो. पत्ती कालच संपली होती. दुकानदार म्हणाला, माल निर्मलकुमारकडून येतो, तिथूनच घेऊन ये ना, जवळच आहे.

गेलो. शेठ गादीवर होते. म्हणाले, फेब्रुवारीत लग्न आहे, चहा तुझाच, आणि या वेळी पैसे घ्यायचे. मी बरं म्हटलं.

काउंटरवर आयुषी होती. हाताची मेंदी उतरत आलेली. नेहमीसारखे चार डबे उघडले आणि विचारलं, आज कोणता देऊ भैया.

म्हटलं, कोणताही द्या.

तिने जवळच्या डब्यातला पाव किलो तोलला. वास घेतला नाही. पुडी बांधून पुढे केली आणि म्हणाली, हा तुम्हाला जमेल.

घरी आणला. अक्काने पत्ती, साखर, दूध, पाणी एकदम टाकलं आणि वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेली. मी गॅसपाशी उभा राहिलो. बारीक केला नाही. उकळू दिला.

प्यायलो. अक्काने विचारलं, कसा झालाय.

म्हटलं, चहासारखा.